तापलेलें डिझेल-यंत्र सुरू कां होत नाहीं?

वैद्याच्या दारांत पाऊल पडतांच दुखणें पळून जावें आणि घरीं परततांच तें पुन्हां उपटावें, असा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. रस्त्यांच्या, नळांच्या आणि इमारतींच्या कामांवर आजकाल जीं छोटीं डिझेल-यंत्रें दिसतात, त्यांनाहि असाच एक आजार जडतो. यंत्र थंड असतां सुरू होतें, तापल्यावर बंद केलें कीं पुन्हां सुरू होत नाहीं, आणि निवलें कीं जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें चालूं लागतें.

सकाळीं सात वाजतां पहिल्याच किल्लीला सुरू झालेलें छोटें खोदयंत्र, म्हणजे कामगारांच्या बोलींतील मिनी पोकलेन, दुपारपर्यंत विनातक्रार राबतें. बारा वाजतां चालक भाकरी खाण्यासाठीं तें बंद करून उतरतो आणि वीस मिनिटांनीं परततो, तों यंत्र दाद देत नाहीं. चर उघडा पडलेला, गल्लींतील घरांचें पाणी तुटलेलें, पाइप उतरविणारे मजूर रिकामे बसलेले, आणि कर्ज काढून यंत्र घेतलेल्या मालकाचे भाड्याचे तास बुडत असलेले! निरोप धाडून बोलावलेला मिस्त्री चार वाजतां येतो, किल्ली फिरवितो आणि यंत्र निमूटपणें सुरू होतें. यांत कांहींच बिघाड नाहीं, असें सांगून तो निघून जातो. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां तोच प्रकार. मग अंदाजानें बॅटरी बदलली जाते. तिनें गुण येत नाहीं म्हणून सेल्फ बदलला जातो. शेवटीं महागडा पंप उतरवून शहरांत पाठविला जातो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी ही गत आहे. या आजाराचा पुरावा उष्णतेंत असतो आणि यंत्र गार होतांच तो पुसला जातो. म्हणून तापलेल्या यंत्राची परीक्षा तें तापलेलें असतांनाच केली पाहिजे, ही गोष्ट सर्वांत आधीं ध्यानांत ठेवावी.

हा आजार चमत्कारिक कां वाटतो, तें डिझेल इंजिनाच्या तत्त्वावरून कळेल. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वी ठरलें. त्यांत पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणें ठिणगी नसते. छोट्या यंत्रांच्या इंजिनांत हवा दाबून मूळच्या अठराव्या ते बाविसाव्या हिश्श्याइतकी केली जाते. तिचें उष्णमान ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातें, आणि तींत बारीक तुषारांच्या रूपानें सोडलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. इंजिनाच्या भिंती थंड असल्या तर ही उष्णता त्या शोषून घेतात. म्हणून थंडीच्या सकाळीं हीटर-प्लगची मदत लागते. इंजिन तापलेलें असतां मात्र तें अधिक सहजपणें सुरू व्हावयास हवें. तें होत नाहीं म्हणून हीटर-प्लग बदलणें म्हणजे ज्वरानें फणफणलेल्या माणसाला शेकोटीशीं बसविण्यासारखेंच आहे.

तात्पर्य, उष्णता येथें नवा दोष निर्माण करीत नाहीं. यंत्रांत आधींच दबा धरून बसलेला दोष ती उघडा पाडते. शिवाय यंत्र बंद केल्यावर त्याची उष्णता कांहीं वेळ उलट वाढते. पंखा थांबतो, पाण्याचें अभिसरण थांबतें, आणि इंजिनाच्या पोटांतील ऊब आजूबाजूच्या पंपांत, सेल्फांत व तारांत शिरते. छोट्या यंत्रांत इंजिनाची खोली मुळांतच कोंदट असते. तींत चिखलानें माखलेल्या रेडिएटरची भर पडली कीं पाहावयासच नको. जेवणाच्या सुट्टीनंतरच हा घोटाळा कां होतो, याचें उत्तर येथें मिळतें.

आतां परीक्षेकडे वळूं. तीन प्रश्न क्रमानें विचारावेत. पहिला प्रश्न असा, कीं सेल्फ नेहमींच्या वेगानें फिरतो काय? तो सुस्त फिरत असेल किंवा नुसता 'टक्' असा आवाज करून थांबत असेल, तर डिझेलकडे वळण्याचें कारणच नाहीं. तांबें तापलें कीं त्याचा वीजरोध दर अंशास सुमारें ०.३९ टक्क्यानें वाढतो. ३० अंशांची तार १०० अंशांपर्यंत तापली, तर तिचा रोध चतुर्थांशाहूनहि अधिक वाढतो. चांगल्या जोडणींत हें खपून जातें. परंतु बॅटरीचें टोक गंजलेलें असेल किंवा अर्थची जाड वायर चेसिसला सैल बसली असेल, तर हा अधिक भार झेपत नाहीं. सेल्फ मारतांना १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब साधारणतः ९.६ व्होल्टच्या खालीं जाऊं नये. तसेंच बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या एका वायरींत अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसली, तर ती जोडणी सोडवून, घासून, पुन्हां आवळावी. या कामास एक मीटर आणि एक पान्हा पुरतो.

सेल्फ जोमानें फिरत असेल, तर दुसरा प्रश्न विचारावा: धुराड्यांतून धूर येतो काय? ही परीक्षा फुकट आहे आणि बहुतेक वेळां तिचाच विसर पडतो. सेल्फ फिरत असतां पांढुरका धूर निघाला, तर डिझेल सिलिंडरांत पोहोंचतें पण पेटत नाहीं, असें समजावें. अशा वेळीं हवेचा फिल्टर, व्हॉल्व्हचें अंतर आणि सिलिंडरचा दाब तपासावा. व्हॉल्व्हना अंतर कमी ठेवलेलें असलें, तर तापल्यावर ते नीट बसत नाहींत आणि दाब निसटतो. धूर मुळींच नसेल, तर डिझेल पोहोंचतच नाहीं हें उघड झालें.

मग तिसरा प्रश्न उरतो: डिझेल कोठें अडतें? येथेंहि सोप्यापासून अवघडाकडे जावें. प्रथम टाकीचें झाकण उघडावें. तें उघडतांच हवा 'सूं' करून आंत शिरली, तर झाकणाचें श्वासछिद्र धुळीनें बुजलें आहे. डिझेल उपसलें जातें तसतशी टाकींत पोकळी वाढते, आणि कांहीं तासांनीं पंपाला डिझेल ओढवत नाहीं. यंत्र उभें राहिलें कीं हळूहळू हवा शिरते व तें पुन्हां चालतें. लोक मात्र त्याचें श्रेय गारव्याला देतात! त्यानंतर फिल्टर व रबरी नळ्या पाहाव्यात. उष्णतेनें कडक झालेली नळी जोडापाशीं बारीक तडकते. तिच्यांतून डिझेल गळत नाहीं, पण हवा आंत ओढली जाते. शंका असल्यास पंपापूर्वीं हातभर पारदर्शक नळी जोडावी. बुडबुडे डोळ्यांनींच दिसतात.

पुढची पायरी म्हणजे डिझेल बंद-चालू करणारा सोलेनॉइड. पुष्कळ यंत्रांत किल्ली फिरवितांच ही विजेची कळ आंतील दांडा ओढून डिझेलची वाट मोकळी करते. वर सांगितलेल्या कारणानें तापलेल्या कळींतून वीज कमी वाहते व तिची ओढ दुबळी होते. किल्ली फिरवितांना तिचा आवाज येतो कीं नाहीं हें ऐकावें आणि सेल्फ फिरत असतांनाच तिच्या टोकाशीं पुरेसा दाब येतो काय, हें मीटरनें पाहावें. दाब पुरेसा असून दांडा हलत नसेल, तर दोष कळींत आहे. दाबच येत नसेल, तर तो रिले, फ्यूज किंवा वायरिंग यांत शोधावा.

एवढें झाल्यावरच पंपाचें नांव घ्यावें. स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं डिझेल-पंपांचें घाऊक उत्पादन सुरू केलें, आणि तेव्हांपासून या पंपाचें मर्म एकच राहिलें आहे: दट्ट्या व त्याचें घर यांच्यांतील अंतर अवघें कांहीं मायक्रॉनचें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांचें असतें. गाळानें किंवा पाण्यानें हें अंतर झिजून वाढलें कीं डिझेल मागें निसटूं लागतें. डिझेल तापलें कीं पातळ होतें. ४० अंशांवर जो दाटपणा असतो, तो ८० अंशांवर सुमारें निम्मा राहतो, आणि निसटणें तितकेंच वाढतें. मोटेचें उदाहरण येथें चपखल लागू पडतें. गळकी मोट बैलांनीं झपाट्यानें ओढली तर थारोळ्यांत थोडें तरी पाणी पडतें. रेंगाळत ओढली तर वर येईपर्यंत ती रिकामी होते. चालत्या इंजिनांत पंपाचा वेग मोठा असल्यामुळें झीज लपते. सेल्फच्या मंद गतींत ती उघडी पडते.

याची परीक्षा सोपी आहे. पंप इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर त्यावर ओला फडका गुंडाळून दहापंधरा मिनिटें थांबावें. बाकी सर्व तसेंच तापलेलें असतांना यंत्र सुरू झालें, तर पंपाच्या झिजेविषयीं बळकट संशय घ्यावा. सोलेनॉइडहि पंपावरच बसलेला असल्यामुळें फडक्यानें तोहि निवतो. म्हणून त्याची तपासणी आधीं व्हावी, हा क्रम मोडूं नये. गरम पंपावर गार पाण्याची धार मात्र कदापि सोडूं नये. आंतील भाग एकदम आवळून पंप जाम होऊं शकतो.

संगणकानें चालणाऱ्या नव्या कॉमन-रेल यंत्रांतहि न्याय हाच आहे, साधनें मात्र निराळीं. सेल्फ फिरत असतां मीटरवर इंजिनाचे फेरे शून्यच दिसले, तर फेरे मोजणारा सेन्सर तापून मुका झाला असण्याचा संभव आहे. फेरे दिसतात पण रेलमध्यें डिझेलचा ठराविक दाब चढत नाहीं, असें आढळल्यास प्रत्येक नोझलमधून परत जाणारें डिझेल वेगवेगळ्या नळकांड्यांत धरून त्याची तुलना करावी. ज्याचें प्रमाण इतरांहून फार अधिक, तें नोझल दोषी.

कांहीं गोष्टी सक्तीनें टाळाव्यात. हीटर-प्लग असलेल्या इंजिनांत ईथरचा फवारा मारूं नये. अवेळीं स्फोट होऊन पिस्टन फुटतो आणि माणूसहि भाजतो. सेल्फच्या टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरून यंत्र सुरू करूं नये. अशा वेळीं सुरक्षेच्या कळा निकामी ठरतात, यंत्र अचानक हलतें आणि शेजारीं उभा असलेला मनुष्य चिरडला जातो. उच्च दाबाच्या नळीची गळती बोटानें चांचपूं नये. तो बारीक फवारा कातडींत शिरतो, आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी हात गमावण्याची पाळी येते. गळती पाहावयाची ती पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून. कॉमन-रेलचे जोड तर सैल करूंच नयेत. सेल्फ एका वेळीं दहापंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये. मध्यें दोन मिनिटें विसांवा द्यावा.

चालकाच्या हातांत प्रतिबंधाचेहि कांहीं उपाय आहेत. जड कामानंतर इंजिन एकदम बंद न करतां तीनचार मिनिटें मंद चालवावें. रेडिएटरच्या जाळ्या रोज झाडाव्यात. आणि टाकी तळाला जाऊं देऊं नये, कारण तेंच थोडें डिझेल फिरून फिरून अधिक तापतें.

शेवटचा उपाय एका वहीचा आहे. यंत्र कोणत्या वेळीं अडलें, सेल्फ कसा फिरला, धूर होता कीं नव्हता, टाकींत डिझेल किती होतें आणि किती मिनिटांनीं तें सुरू झालें, या पांच गोष्टी चालकानें त्याच क्षणीं लिहून ठेवाव्यात. एका वेळीं एकच वस्तु बदलावी आणि तिचा परिणामहि लिहावा. मिस्त्री चार वाजतां आला तरी बारा वाजतांचा पुरावा त्या पानावर त्याची वाट पाहत असतो. ज्या मालकापाशीं अशी वही आहे, त्याला पंप उतरविण्यापूर्वीं टाकीचें झाकण उघडून पाहण्याची आठवण राहते.