दाव्याच्या काळातील पोटगी

पतिपत्नी विभक्त झाली, तरी मुलाचे जेवण दाव्याच्या निकालासाठी थांबत नाही. म्हणूनच १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दावा चालू असतानाच पोटगी व मुलाचा ताबा यांविषयी हंगामी हुकूम करण्याची सोय ठेवली. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. त्यात फारसा वाद नाही.

खरी अडचण पैशाची. फौजदारी संहितेतील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा १९५५ ची. महाराष्ट्राने ती १९९९ मध्ये १,५०० केली, केंद्राने २००१ मध्ये काढूनच टाकली. धान्याचे भाव तोवर कोणत्याही मर्यादेत राहिले नव्हते! पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले. त्यापूर्वी कित्येकदा ती हुकमाच्या तारखेपासून मोजली जाई आणि दिरंगाईचा लाभ पतीस मिळे.