माल निमित्ताचा, सौदा माणसांचा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



तालुक्याच्या गावातील एखादा पदवीधर तरुण डोळ्यांसमोर आणावा. नोकरीसाठी अर्ज करून करून तो थकला आहे. एके दिवशी जुना वर्गमित्र त्याला ‘एका चांगल्या संधी’ची माहिती द्यायला हॉटेलच्या सभागृहात नेतो. तेथे टाळ्यांचा कडकडाट असतो, मोटारींची चित्रे असतात, ‘नोकर नव्हे, मालक व्हा’ असा उपदेश असतो. आठवड्याभरात आईने बचत गटातून उचललेले दहा हजार रुपये भरले जातात आणि शक्तिवर्धक पावडरीच्या डब्यांची पेटी घरी येते. पावडरीला गिऱ्हाईक मिळत नाही. तेव्हा त्याला सांगण्यात येते की, डबे विकण्याची चिंता नको, सहा सभासद आणा. मग तो मावशीच्या दारात उभा राहतो.

या व्यवहारात विकले काय जाते? पावडर खासच नव्हे. विकला जातो तो दुसऱ्याला विकण्याचा हक्क. पावडर हे केवळ निमित्त आहे. वरच्याला जे मिळते ते ग्राहकाच्या खिशातून नव्हे, तर खालच्याच्या प्रवेशाच्या पैशातून येते. येथे नवे मूल्य निर्माण होत नाही. एकाचे पैसे दुसऱ्याच्या हाती जातात, इतकेच.

याचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. प्रत्येकाने सहा जण आणायचे म्हटले तर पहिल्या पायरीवर 6, दुसरीवर 36, तिसरीवर 216 माणसे होतात. दहाव्या पायरीवर 6 कोटींहून अधिक आणि अकराव्या पायरीवर 36 कोटींहून अधिक माणसे लागतात. 2011 च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत होती! साखळी कोठेतरी तुटणार, हे उघड आहे. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ती तिसऱ्या पायरीवर तुटो की नवव्या, शंभरातील सुमारे 83 माणसे सर्वांत खालच्या पायरीवरच असतात आणि त्यांच्या खाली कोणी नसते. बहुसंख्यांचे नुकसान हा या योजनेतील अपघात नव्हे. तो तिचा पाया आहे. तरीही बुडालेल्याला ऐकवले जाते, ‘तुझेच प्रयत्न कमी पडले.’ पैसे तर जातातच, वर दोषही त्याच्याच माथी मारला जातो.

हा खेळ नवा नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या नावाखाली अमेरिकेत साखळी उभारणाऱ्या कॉस्कॉट कंपनीविरुद्ध तेथील संघीय व्यापार आयोगाने 1975 साली निर्णय दिला. अखेरच्या ग्राहकाला होणाऱ्या विक्रीशी संबंध नसलेले, केवळ माणसे भरती केल्याचे बक्षीस, ही त्या निर्णयातील कसोटी आजही उपयोगी आहे. आपल्याकडे 1978 साली बक्षीस चिट्स व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला. 2021 च्या थेट विक्री नियमांनी तर थेट विक्रीच्या आवरणाखाली अशी साखळी चालवण्यास स्पष्ट मनाई केली.

अर्थात दारोदार माल विकणे हा गुन्हा नव्हे. लोणची-पापड विकणारी बाई श्रमाचे पैसे मिळवते. भेद ओळखण्यासाठी चार प्रश्न पुरेत. सभासदत्वाचे आमिष काढून घेतले तर हा माल याच किमतीला कोणी घेईल काय? कमाई बाहेरच्या ग्राहकामुळे होते की नव्या सभासदामुळे? सामील होण्यासाठीच पैसे भरावे लागतात, किंवा पेटीभर माल घ्यावा लागतो काय? न खपलेला माल कंपनी परत घेते काय? बैठकीत या प्रश्नांची सरळ उत्तरे न मिळता ‘नकारात्मक विचार सोडा’ असे ऐकू आले, तर तेच उत्तर समजावे.

आता सर्वांत अवघड बाब. 1978 च्या कायद्याने योजना चालवणाऱ्याइतकाच तीत सभासद होणाऱ्या, भाग घेणाऱ्यालाही मज्जाव केला आहे. म्हणून मावशीला सभासद करून घेणारा तो तरुण फसलेला असूनही तक्रार करायला धजत नाही. कायद्याचे भय आणि नातलगांसमोरची शरम, या दोन कुलुपांमागे सूत्रधार सुरक्षित राहतो. ही कुलुपे एकट्यादुकट्याने उघडणार नाहीत. फसलेल्यांनी एकत्र यावे, पावत्या व निरोप जपून ठेवावेत, पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे सामुदायिक तक्रार करावी. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही दाद मागावी. कार्यकर्त्यांनी अशा घरी जाताना उपदेश घेऊन जाऊ नये, सोबत घेऊन जावी.

बेकारी आहे तोवर आशेचे व्यापारी येतच राहणार. हाताला काम मागण्याचा लढा म्हणूनच सोडता येणार नाही. पण तोवर निदान एवढे व्हावे की, मावशीच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या मुलाला कोणीतरी आत बोलवावे, पाणी द्यावे आणि कागद-पेन्सिल घेऊन सहाचा पाढा त्याच्यासमोर मांडावा.