परिचारिकेची परीक्षा आणि गांजाचा अंमल

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत एखाद्या परिचारिकेची इस्पितळांत नेमणूक ठरली, म्हणजे रुजू होण्यापूर्वीं तिला बहुधा एका लहानशा खोलींत पाठविण्यांत येतें. पिशवी व कोट बाहेर ठेवावयाचा, हात धुवावयाचे, आणि हातीं दिलेल्या भांड्यांत लघवी करून तें भांडें परत आणून द्यावयाचें. तेथील शौचकूपांतलें पाणी मुद्दाम निळें केलेलें असतें. कोणीं तें नमुन्यांत मिसळलें तर रंगावरून तत्काळ कळावें, हा हेतु. भांडें परत येतांच चार मिनिटांच्या आंत त्याची उष्णता मोजतात. ती ३२ ते ३८ अंश सेंटिग्रेडच्या बाहेर असली, कीं नमुना संशयास्पद ठरला. मग बाटलीवर मोहोर, मोहोरेवर सही. केंद्र सरकारनें आपल्या नोकरांसाठीं घालून दिलेला हा कित्ता खाजगी संस्थाही गिरवितात. ज्या बाईच्या स्वाधीन उद्यां मॉर्फीनचें कपाट करावयाचें, तिची एवढी पारख केली तर त्यांत वावगें काय, असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटेल. प्रश्न आहे तो या बाटलींतून नेमकें कळतें काय, हा.

मद्याची गोष्ट सरळ आहे. रक्तांतील मद्य उतरलें कीं नशाही उतरते, आणि श्वासाच्या चाचणींतही तें उतरलेलें दिसतें. गांजाचें तसें नाहीं. त्यांतील मादक द्रव्यास टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल म्हणतात. राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं तें १९६४ सालीं इस्राएलमध्यें शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. (या जातीचें काम करणारें एक द्रव्य मेंदू स्वतःच तयार करतो, असें १९९२ सालीं उघडकीस आलें, त्याचें नांव ठेवतांना शोधकांनीं संस्कृतांतील 'आनंद' शब्द घेतला व त्यास आनंदमाइड म्हटलें. निदान नांवापुरता तरी आपला वाटा त्यांत आहे!) हें टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल चरबींत विरघळणारें आहे. ओढलेल्या गांजाची धुंदी कांहीं तासांत उतरते. परंतु द्रव्य शरीरांतील चरबींत दडी मारून बसतें, आणि यकृतांत त्यापासून बनलेला, नशा न आणणारा अवशेष हळूहळू लघवीवाटे बाहेर पडत राहतो. क्वचित् सेवन करणाऱ्याच्या लघवींत तो कांहीं दिवस सांपडतो. रोज सेवन करणाऱ्याच्या लघवींत कित्येक आठवडेही सांपडूं शकतो. केंद्र सरकारच्या नियमांत पहिल्या चाचणीची मर्यादा मिलिलिटरमागें ५० नॅनोग्रॅमची, तर पक्क्या चाचणीची १५ नॅनोग्रॅमची. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतकी बारीक मोजणी करणाऱ्या यंत्राला दोष देतां येणार नाहीं. पण तें जें मोजतें, तो नशेचा मागें राहिलेला माग असतो. चुलींतील राख पाहून काल-परवां केव्हां तरी येथें स्वयंपाक झाला होता एवढें समजेल; आतां चुलीवर कांहीं शिजत आहे कीं नाहीं, तें राखेवरून कसें सांगावें?

ही परीक्षा आली कोठून, तेंही पाहण्यासारखें आहे. १९८७ च्या जानेवारीच्या ४ तारखेस मेरीलँड संस्थानांत चेस या गांवाजवळ मालगाड्यांचीं इंजिनें धोक्याचा सिग्नल ओलांडून उतारूंच्या भरधांव गाडीच्या मार्गांत आलीं व १६ माणसें मेलीं. इंजिन चालविणारानें व त्याच्या सोबत्यानें कामावर असतांनाच गांजा ओढला होता. लोकक्षोभ साहजिक होता. त्याच्या आदल्याच वर्षीं अध्यक्ष रेगन यांनीं केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं चाचणीचा हुकूम काढला होता; १९९१ सालीं वाहतुकीच्या धंद्यांतील कामगारांवर कायद्यानेंच चाचणी आली. इस्पितळें या लाटेबरोबर गेलीं. वास्तविक 'परिचारिकांची लघवी तपासा' असें १९८८ चा व्यसनमुक्त कामाच्या जागांचा कायदासुद्धां सांगत नाहीं. हा बहुतेक मालकांनीं स्वतः होऊन पत्करलेला नियम आहे.

पुढें देशाचीच भूमिका दुभंगली. १९७० च्या केंद्रीय कायद्यानें गांजा सर्वांत कडक अशा पहिल्या यादींत घातला. उलट कॅलिफोर्नियानें १९९६ सालीं औषध म्हणून, आणि कोलोराडो व वॉशिंग्टन या संस्थानांनीं २०१२ सालीं प्रौढांच्या खुशीसाठीं म्हणून त्याला मोकळीक दिली. परिचारिका सांपडली ती या दोहोंच्या मध्यें. पाठदुखीसाठीं तिला डॉक्टरनें अफूच्या जातीच्या गोळ्या लिहून दिल्या असतील, तर चाचणीचा निकाल तपासणारा डॉक्टर ती चिठ्ठी पाहून निकाल निर्दोष ठरवितो. कारखान्यांत तयार केलेलें टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल १९८५ पासून ड्रोनॅबिनॉल या नांवानें विकावयास परवानगी आहे. त्याचीही चिठ्ठी चालते. परंतु संस्थानच्या कायद्याप्रमाणें डॉक्टरनें गांजाची शिफारस केली असली, तर तो कागद केंद्रीय नियमांपुढें चिठ्ठी म्हणून उभा राहिला नाहीं. द्रव्य एकच, एक बाई निर्दोष, दुसरी सदोष! असा निकाल ऐकून कोणाही साध्या माणसास बुचकळ्यांत पडल्यावांचून राहवणार नाहीं.

आणि सदोष ठरण्याची किंमत थोडी नसते. नोकरी जाते ती जातेच. शिवाय गोष्ट संस्थानच्या परिचारिका-मंडळाकडे जाऊन परवान्यावर येऊं शकते. मंडळाच्या देखरेखीखालीं आलेल्या बाईला कित्येक वर्षें रोज सकाळीं चौकशी करावी लागते, कीं आज नमुना द्यावयाचा आहे काय; आणि त्या तपासण्यांचा खर्च बहुधा तिच्याच पदरीं पडतो.

हें प्रकरण आपल्या घरांपासून फार दूर आहे असेंही नाहीं. महाराष्ट्रांतून व केरळांतून शिकलेल्या मुली परिचारिका म्हणून परदेशीं जातात. आपल्या १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यांत गांजा व चरस येतात. नुसतीं पानें त्या व्याख्येंत येत नाहींत, म्हणून होळीची किंवा शिवरात्रीची भांग त्या कायद्यांतून सुटते. बाटलीला हा कायदेशीर भेद कळत नाहीं. थंडाईंतील भांगेचा अवशेष आणि चिलमींतील गांजाचा अवशेष, दोन्हीं तिला सारखींच. खसखशीचीही अशीच गंमत झाली होती. अनारशांवर लावतात तीच खसखस पावावर लावून खाल्लेलीं माणसें मॉर्फीनच्या चाचणींत सांपडूं लागलीं, तेव्हां १९९८ सालीं सरकारला मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर न्यावी लागली. मर्यादा माणसानेंच घातलेली असते, ती ईश्वरदत्त नव्हे.

म्हणून परिचारिकेनें कामावर नशा केली तरी चालेल काय? मुळींच नाहीं. गांजाच्या अंमलाखालीं लक्ष विखुरतें, स्मरण तुटतें, वेळेचें भान सुटतें. आणि परिचारिकेचें काम म्हणजे लक्ष, स्मरण व वेळ यांचेंच. औषधाच्या मात्रेंतील दशांशचिन्ह एक घर सरकलें, तर रोग्याला दहापट औषध जाईल. कामावर धुंद होऊन आलेल्या बाईला त्याच क्षणीं खाटेपासून दूर केलें पाहिजे. यांत दयामाया नको. पण तिला ओळखावयाचें तर त्या क्षणीं तिच्याकडे पाहिलें पाहिजे. तीन आठवड्यांपूर्वींच्या रविवारची बातमी देणारी बाटली त्या रात्रीं उपयोगाची नाहीं. आणि बारा तासांच्या पाळीनें डोळे मिटूं लागलेल्या परिचारिकेविषयीं तर ती अवाक्षर काढीत नाहीं. कपाटांतील मॉर्फीन किंवा फेंटॅनिल चोरून रोग्याला नुसतें मिठाचें पाणी टोंचणें, हा त्याहून भयंकर गुन्हाही कपाटाच्या हिशेबावरूनच अधिक लौकर उघडकीस येतो.

कॅनडानें हा विचार थोडा निराळ्या वाटेनें केला. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं न्यू ब्रन्सविकमधील एका कागद-गिरणीच्या खटल्यांत सांगितलें, कीं काम धोक्याचें आहे एवढ्यावरून कोणाचीही अवचित मद्यचाचणी घेतां येणार नाहीं. त्या जागीं व्यसनाची अडचण खरोखर आहे, असें मालकानें दाखविलें पाहिजे. हा दंडक पडल्यावर, १७ ऑक्टोबर २०१८ रोजीं, तेथें गांजा प्रौढांना खुला झाला.

अमेरिकेंतही न्यायालयें हलूं लागलीं आहेत. कनेक्टिकटमध्यें एका बाईची शुश्रूषागृहांत रोग्यांच्या मनोरंजनोपचाराची प्रमुख म्हणून निवड झाली होती. मोटार-अपघातानंतर मनाला बसलेल्या धक्क्यावर ती रात्रीं निजतांना गांजाच्या गोळ्या घेई, आणि तें तिनें आधींच सांगितलें होतें. तरीही चाचणी सदोष आली म्हणून २०१६ सालीं तिची नेमणूक रद्द झाली. २०१८ सालीं न्यायालयानें संस्थानच्या कायद्याचा आधार घेऊन तिच्या बाजूनें निकाल दिला. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें नशा न आणणाऱ्या अवशेषावरून बहुतेक नोकरांना शिक्षा करण्यास मनाई केली. कामावर असतांना नशा करण्याची मुभा मात्र कोणास दिली नाहीं. त्याच दिवशीं वॉशिंग्टनमध्येंही नोकरी देतांना अशा चाचणीवरून नकार देण्यास बंदी आली. तथापि जेथें कर्मचाऱ्याच्या नशेमुळें जीव जाण्याचा मोठा धोका आहे अशा जागा त्या कायद्यानें वगळल्या आहेत, आणि अशी जागा कोणती, तें अर्ज येण्यापूर्वीं जाहीर करण्याचें काम मालकाकडे सोंपविलें आहे. परिचारिकेची जागा त्यांत घालावी कीं नाहीं, हें तेथील प्रत्येक इस्पितळाला स्वतःच ठरवावें लागतें.