तरुण मत्स्यशास्त्रज्ञ व प्रवासवृत्ति



मासळी हा विषय आपल्याकडील घरांत बहुधा स्वयंपाकघरांत सुरू होतो आणि ताटांतच संपतो. फार तर श्रावण सरल्यावर पापलेटाचा भाव काय झाला, एवढीच चर्चा पुढें चालते. त्यामुळें माशांविषयीं बोलण्यासाठीं तरुण मंडळींना विमानानें सिअ‍ॅटलला किंवा एडिंबरोला पाठवितात आणि त्याचा खर्च एखादी संस्था अथवा सरकार सोसतें, हें ऐकून वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडली तर नवल नाहीं. निबंध लिहिला असेल तर तो पाठवून द्यावा, स्वतः जाण्याचें कारण काय, हा प्रश्न रास्त आहे; आणि त्याचें उत्तरहि तितक्याच सरळपणें दिलें पाहिजे.

प्रवासवृत्ति ही शिष्यवृत्तीची धाकटी बहीण. शिष्यवृत्ति दोन-चार वर्षें पोसते. प्रवासवृत्ति एका परिषदेपुरती असते. जाण्यायेण्याचें भाडें, परिषदेचें प्रवेशशुल्क आणि, देणारा उदार असेल तर, चार-पांच रात्रींचा मुक्काम, इतकाच तिचा पसारा. उमेदवारानें आपल्या संशोधनाचा गोषवारा पाठवावा, परिषदेनें तो स्वीकारावा, मार्गदर्शक प्राध्यापकानें शिफारस करावी आणि मग अर्जांची छाननी व्हावी, असा साधारण क्रम असतो. अमेरिकेंतील मत्स्यशास्त्रज्ञांची संस्था १८७० सालीं स्थापन झाली. तिच्याकडे जॉन स्किनर या सभासदाच्या स्मरणार्थ असा एक निधि आहे. त्यांतून विद्यार्थ्यांना वार्षिक अधिवेशनास येण्यासाठीं रक्कम मिळते आणि तिच्याबरोबर एक वर्षाचें सभासदत्वहि. ही दुसरी देणगी लहान दिसते खरी. पण पाहुणा म्हणून आलेला विद्यार्थी सभासद म्हणून परत जातो, हें ज्याला सुचलें तो मनुष्य चतुर असला पाहिजे.

आतां मूळ प्रश्न. स्वतः जाण्यानें साधतें काय? यासाठीं सव्वाशे वर्षें मागें जावें लागतें. उत्तर युरोपांतील आठ राष्ट्रांनीं १९०२ सालीं कोपनहेगन येथें समुद्रसंशोधनाचें आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापिलें. कारण साधें होतें : हेरिंग मासा नॉर्वेच्या किनाऱ्याशीं जन्मतो म्हणून कांहीं तो नॉर्वेचा प्रजाजन होत नाहीं. या मंडळाच्या वर्तुळांत लवकरच एक वाद रंगला. नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांच्या हाताखालीं आइनार लेआ नांवाचा तरुण काम करीत असे. त्याचा जन्म १८८७ चा, म्हणजे तेव्हां तो ऐन विशींत होता. हेरिंगच्या खवल्यावरील वलयें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजून माशाचें वय सांगतां येतें, असें ही नॉर्वेची मंडळी म्हणूं लागली. ब्रिटनचे प्रतिनिधि डार्सी टॉमसन हे मोठे विद्वान. त्यांना हें पटेना. वाद बराच लांबला. पुढें १९१४ सालीं यॉर्ट यांनीं आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला आणि त्यांत दाखविलें कीं, १९०४ सालीं जन्मलेली हेरिंगची एकच पिढी नंतर कित्येक वर्षें नॉर्वेच्या कोळ्यांचीं जाळीं भरीत राहिली होती. एका वर्षीं मासळी मुबलक आणि दुसऱ्या वर्षीं दुर्मिळ कां, या जुन्या कोड्याचा उलगडा त्या एवढ्याशा खवल्यांनीं केला. टॉमसन यांचा आक्षेप टिकला नाहीं; परंतु असा आक्षेपक नसता तर पुरावा इतका बळकट झाला असता कीं काय, याची शंकाच आहे. छापील निबंधालाहि आक्षेप घेतां येतो, पण त्यांत महिने जातात. समोर उभ्या असलेल्या माणसाला 'तुमचा खवला दाखवा' असें तेथल्या तेथें म्हणतां येतें.

हीच गोष्ट आपल्या समुद्राकडे आणली म्हणजे तिला आणखी धार येते. थंड समुद्रांत हिवाळ्यांत माशाची वाढ मंदावते आणि खवल्यावर किंवा कानांतील चिमुकल्या खड्यावर वर्षाचें वलय स्पष्ट उमटतें. उष्ण कटिबंधांत ऋतूंचें अंतर कमी, म्हणून वलयें पुष्कळदां अंधुक आणि फसवीं. युरोपांत तयार झालेली रीत इकडे जशीच्या तशी लागू पडेना. तेव्हां १९८१ सालीं मनिला येथें डॅनिएल पॉली यांनीं एका सहकाऱ्यासह, माशांच्या लांबीच्या मोजमापांवरून वाढीचा वेग काढण्याची संगणकी रीत मांडली, आणि ती भारतासह साऱ्या उष्ण प्रदेशांत रूढ झाली. पण या रीतीचीहि एक खोड आहे. लांबीचीं मापें जाळ्यावर अवलंबून असतात. आस बारीक असेल तर लहान मासळी अधिक येते आणि सारा हिशेब बदलतो. ससून डॉकवर पहांटे उभी राहून टोपल्यांतील मासळी मोजणाऱ्या संशोधक मुलीला कोणत्या होडीचें जाळें कसें असतें हें ठाऊक असतें. आकड्यांच्या कोष्टकावरून तें कळत नाहीं. हजारों मैलांवरील सभागृहांत जेव्हां अशा कोष्टकांवरून अरबी समुद्राविषयीं अनुमानें मांडलीं जातात, तेव्हां ती मुलगी तेथें नसेल तर हें सांगणार कोण? आणि अशा अनुमानांवरूनच पुढें किती पकडावें, केव्हां थांबावें, याचे नियम सुचविले जातात. ते अखेर येथल्याच कोळ्यांच्या चुलीपर्यंत येऊन पोंचतात.

आतां या परिषदा भरतात कोठें, तें पाहूं. जागतिक मत्स्य परिषदेचें पहिलें अधिवेशन १९९२ सालीं अथेन्सला झालें. त्यानंतर ब्रिस्बेन, बीजिंग, व्हँकूव्हर, योकोहामा, एडिंबरो, बुसान, अ‍ॅडलेड आणि २०२४ सालीं सिअ‍ॅटल. या नऊ ठिकाणांत दक्षिण आशियांतील एकहि शहर नाहीं आणि आफ्रिकेंतीलहि नाहीं. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेंतील किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास यांपैकीं कोठेंहि जावयाचें तर समुद्र ओलांडलाच पाहिजे.

भारत सरकारनें याची सोय केली नाहीं असें नव्हे. २००८ च्या कायद्यानें निर्माण झालेलें विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ तरुण शास्त्रज्ञांस विमानभाडें देत असे, आणि पस्तिशीच्या आंतील उमेदवारास प्रवेशशुल्कहि देई. पुढें त्या मंडळाचें काम नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानांत विलीन झालें. योजना चांगली, हेतुहि चांगला. परंतु अशा पुष्कळ प्रवासवृत्तींची एक रीत सामान्य माणसाच्या लक्षांत येत नाहीं : पैसे आधीं मिळत नाहींत. तिकीट स्वतः काढावें, शुल्क स्वतः भरावें, परत आल्यावर पावत्या जोडून हिशेब द्यावा आणि मग वाट पाहावी. कनिष्ठ संशोधन छात्रास २०२३ सालापासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. सिअ‍ॅटलचें जाण्यायेण्याचें भाडेंच लाखाच्या घरांत जातें. मग वडिलांच्या ठेवीला हात लागतो, नाहींतर आईचें एखादें सोनें गहाण पडतें. ज्याच्या घरीं ठेवहि नाहीं आणि सोनेंहि नाहीं, तो अर्जच करीत नाहीं. अर्ज करणाऱ्यांची गणती होते, न करणाऱ्यांची कोठेंच होत नाहीं. खरें पाहतां अशी वृत्ति म्हणजे गरीब कुटुंबानें सरकारला दिलेलें बिनव्याजी कर्ज होय. निम्मी रक्कम आगाऊ देण्यानें खजिन्याचें मोठेंसें नुकसान होणार नाहीं. पण ही सुधारणा हिशेबनिसांच्या पचनीं पडण्यास वेळ लागेल असें दिसतें.

वयाच्या अटीचेंहि असेंच आहे. पस्तीस हा आकडा मोजण्यास सोपा खरा. परंतु विवाह, बाळंतपण आणि लेंकरांचें संगोपन यांत ज्या मुलींचीं तीन-चार वर्षें जातात, त्यांना तो अचूक गांठतो. कांहीं परदेशी संस्था म्हणून वय न पाहतां पदवी मिळाल्यापासूनचीं वर्षें मोजतात आणि त्यांतून बालसंगोपनाचा काळ वगळतात. ही रीत अधिक न्यायाची. व्हिसाचें संकट तर निराळेंच. २०२२ च्या अखेरीस मुंबईंतील अमेरिकन वकिलातींत प्रथमच अर्ज करणाऱ्या प्रवाशास मुलाखतीसाठीं वर्षाहून अधिक थांबावें लागत असे. अशा वेळीं वृत्ति हातांत असूनहि परिषद हुकली तर दोष कोणाला द्यावा?

कोणी म्हणेल, आतां पडद्यावर सभा भरतात, मग प्रवासाची कटकट हवी कशाला? हा प्रयोग होऊन गेला आहे. अ‍ॅडलेडचें अधिवेशन २०२० सालीं व्हावयाचें होतें. महामारीमुळें तें पुढील सप्टेंबरांत गेलें आणि पुष्कळांनीं तें घरीं बसूनच ऐकलें. खर्च वांचला, व्याख्यानें कानीं पडलीं, हा लाभ लहान नव्हे. मात्र भित्तिपत्रकाशीं उभा राहून वाट पाहणारा नवखा संशोधक आणि चहाचा पेला हातांत घेऊन सहज तेथें थबकणारा ज्येष्ठ शास्त्रज्ञ, यांची गांठ पडद्यावर पडत नाहीं. पुढील नोकऱ्या, संयुक्त संशोधनें, एखाद्या जहाजावरील जागा, हें सारें त्या पांच मिनिटांतून निघतें. हें ओळखूनच अटलांटिक व पॅसिफिक या दोन्ही महासागरांच्या संशोधनसंस्थांनीं मिळून केवळ तरुणांच्या अशा परिषदा भरविल्या : २००७ सालीं बाल्टिमोर, २०१२ सालीं मायोर्का, २०१७ सालीं बुसान व २०२२ सालीं न्यू फाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स येथें. आयोजनाची जबाबदारीहि तरुणांवरच सोंपविलेली होती.

प्रवास उलट दिशेनेंहि होतो, हें मात्र विसरूं नये. १९५९ ते १९६५ या काळांत हिंदी महासागराचें मोठें आंतरराष्ट्रीय संशोधन झालें, तेव्हां जगांतील जहाजें इकडे आलीं. 'अँटन ब्रून' या अमेरिकन जहाजावर भारतीय तरुणांसहि जागा मिळाली. त्या मोहिमेंतूनच १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली, आणि तिचें ठाणें पुढें गोव्यांत दोना पावला येथें झालें. आशियाई मत्स्यशास्त्रज्ञांची परिषदहि दोनदां भारतांत भरली : २००७ सालीं कोचीला आणि २०२५ च्या फेब्रुवारींत दिल्लीला. त्या दोन्ही खेपांस वर्सोव्याच्या विद्यार्थ्यास व्हिसा लागला नाहीं. रेल्वेचें तिकीट पुरेसें होतें आणि तें काढण्यासाठीं कोणाचें सोनें गहाण पडण्याचें कारण नव्हतें.