वर्दीचं शिक्षण

पोलिसांत भरती झालेल्या शिपायांना कायदा आणि कवायत शिकवणारं पोलीस प्रशिक्षण केंद्र आपल्या जालन्यातच आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 3 सुद्धा इथलाच. अग्निशमन अभियांत्रिकीच्या पदवीसाठी मात्र नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय गाठावं लागतं.

आपल्याकडे या विद्येची फार गरज आहे. जिनिंगमधल्या रुईच्या गाठीची आग वरून विझलेली दिसते, पण आत धुमसत राहते; गाठ फोडूनच पाणी मारावं लागतं. स्टीलच्या भट्टीत उलट, वितळलेल्या लोखंडाखाली पाणी अडकलं की क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. दोन्ही धंदे जालन्याचे! बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलामुलींनी या पदवीचा जरूर विचार करावा.