घराची वायरिंग आणि अर्थिंगचा खड्डा

घर बांधताना बोर्ड कुठे हवेत ते आखणं, भिंतीला खाचा पाडणं, पाईप बसवणं घरचे करू शकतात. त्यात मजुरी वाचते. वायरजोडणी मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. नव्या मीटरसाठी महावितरणला त्याचा चाचणी अहवाल लागतो.

अर्थिंगमध्ये काटकसर नको. माण, खटाव, आटपाडी, जतकडची जमीन उन्हाळ्यात सुकते. कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओल्या हातानं मिक्सरला, मोटारीला आपणच हात लावतो. अंगातून वीज जमिनीकडे जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो. महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबा. खटका पडला नाही, तर वायरमनला लगेच बोलवा.