अक्षर जपायचे ते छपाईपूर्वी



शतक पूर्ण केलेल्या ग्रंथालयात मुद्रणाविषयी बोलण्याचा मान मिळाला, याबद्दल मी आपला ऋणी आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत देवस्थाने, नाट्यमंडळे, शाळा, वाचनालये यांच्या स्मरणिका निघत असतात. त्यांची पाने आता संगणकावर जुळतात आणि ‘पुढचे छापखाना पाहून घेईल’ या भरवशावर पाठविली जातात. परंतु फाईलमध्ये जे असेल तेच यंत्र छापते. एक चूक हजार प्रतींत जाते.

भारतात पहिले मुद्रणयंत्र आले ते गोव्यात, १५५६ साली. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. आज देवनागरी फॉन्टांची वाण नाही. तरीही फॉन्टवर अवलंबून असलेल्या जुन्या पद्धतीने टंकलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की, निरर्थक रोमन अक्षरांची रांग होतो. स्टीफन्स यांची रोमन मराठी निदान वाचता येत होती! म्हणून मजकूर युनिकोडमध्ये असावा, पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत असावेत, आणि शेवटचे मुद्रितशोधन त्या पीडीएफवरच व्हावे. जोडाक्षरे फुटली असतील तर ती तेथेच दिसतात.

दुसरी गोष्ट शाईची. पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे. छपाईतले सायन, मॅजेंटा, पिवळ्या व काळ्या शाईचे. रूपांतर करताना काळा मजकूर चारही शायांत विभागला गेला आणि कागद केसभर सरकला, तर बारीक शिरोरेषेला रंगीत सावली पडते. मजकूर केवळ काळ्या शाईतच ठेवावा.

तिसरी गोष्ट चित्रांची. आपल्याकडील काही देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रे म्हणजे तांबड्या मातीचा थर कोरून खालच्या पांढऱ्या चुन्यातून काढलेली नक्षी. ती रेघ पुस्तकात उतरायची, तर छायाचित्र छापील आकारात इंचाला ३०० बिंदूंचे हवे. साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पूर्ण पानाला १६५० बाय २५५० बिंदू लागतात. मोबाईलवरून निरोपासोबत आलेले छायाचित्र बहुधा आक्रसलेले असते. संगणकावर ते मोठे केल्याने हरवलेला तपशील परत येत नाही. मूळ फाईलच मागवावी. कावीचा तांबडा पडद्यावर पाहून ठरवू नये. त्याच कागदावरचा रंगीत नमुना पाहून मगच संमती द्यावी. चित्र पानाच्या कडेपर्यंत जात असेल, तर कापणीसाठी ते चोहोबाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर वाढवावे.

अखेरची विनंती ग्रंथालयाला. छपाई संपली की फाईल पुसली जाते वा कुणाच्या तरी संगणकात पडून राहते. मूळ छायाचित्रे, युनिकोड मजकूर आणि अंतिम पीडीएफ यांची प्रत छापील प्रतीबरोबर दाखल करून घ्यावी, आणि तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. वाळवीपासून आपण पोथ्या सांभाळल्या. ही नवी हस्तलिखितेही आपणच सांभाळायची आहेत.